पडद्यावरचा ट्रान्सफॉर्मर आणि आबांचा मका

फेऱ्यांच्या गुणोत्तराचा वर्ग करायचा असतो. तो मी केला नाही.

एवढीच चूक. हीच चूक करणाऱ्या पोरांचे मी पॉलिटेक्निकमध्ये उभी नोकरी गुण कापत आलो. उत्तरपत्रिकेवर लाल शाईने 'झोपेत लिहिलं का?' असा शेरा मारत आलो. मी मात्र ती टक्क जागेपणी, दुसरा चहा पिऊन, चष्मा पुसून केली. हे वाचून ज्यांनी पान उलटायला बोट ओलं केलं असेल त्यांना विनंती की जरा थांबा. यात पुढे डुकरं आहेत.

आधी माझा उद्योग काय तो सांगतो, कारण माझ्या सख्ख्या मेहुण्यालाही तो अजून कळलेला नाही. निवृत्तीनंतर जळगावात घराच्या वरच्या खोलीत मी एक कॉम्प्युटर मांडला आणि जळगाव-धुळ्याच्या लहान कारखानदारांची सर्किटं पडद्यावर चालवून द्यायला लागलो. पडद्यावर सर्किट काढायचं, प्रत्येक भागाला त्याचा आकडा द्यायचा आणि 'रन' दाबायचं. मग कुठे किती व्होल्ट, कुठे किती करंट, काय तापेल, काय जळेल हे लाटांच्या रेघांनी समोर येतं. शिंपी कात्री लावण्याआधी कापडावर खडू ओढतो ना, तसं. खरं तांबं जाळण्याआधी खोटं जाळून बघायचं. आणि खरं सांगतो, ती लाट पडद्यावर पहिल्यांदा डावीकडून उजवीकडे सरकत येते तेव्हा आजही माझ्या पोटात फुलपाखरासारखं काहीतरी होतं. या वयात पोटात दुसरं काही होण्यापेक्षा हे बरं.

यात सगळ्यात खट्याळ भाग म्हणजे ट्रान्सफॉर्मर. खरा ट्रान्सफॉर्मर समजायला सोपा असतो. मधल्या लोखंडावर दोन कॉईल गुंडाळलेल्या असतात. त्यांच्या तारा एकमेकींना शिवत नाहीत, पण एकीतली वीज हलली की दुसरीत उमटते. दुसरीचे फेरे जितके पट, व्होल्टेज तितके पट. मात्र कॉम्प्युटरला ना लोखंड दिसतं, ना फेरे. त्याला प्रत्येक कॉईलचा इंडक्टन्स सांगावा लागतो, म्हणजे तिचा विजेच्या बदलाला अडून बसण्याचा गुण. आणि हा गुण फेऱ्यांच्या वर्गाने वाढतो. फेरे दुप्पट तर तो चौपट, फेरे तिप्पट तर नऊपट. माझा पाय घसरला तो इथेच.

याशिवाय आणखी एक आकडा द्यावा लागतो. त्याला 'के' म्हणतात. तो शून्य ते एकच्या मधला असतो आणि या दोन कॉईलचं एकमेकींशी किती जमतं ते सांगतो. शून्य म्हणजे बोलचाल बंद. एक म्हणजे पहिलीच्या मनातलं सगळंच्या सगळं दुसरीला पोचतं, वाटेत काही सांडत नाही. असं जोडपं मी पडद्याबाहेर पाहिलेलं नाही, पण पडद्यावर मी कायम एकच टाकायचो. दिसायला छान दिसतं.

गिऱ्हाइकं एकेक नमुने. एरंडोलचे एक भाऊ स्टॅबिलायझर बनवतात. त्यांचा ट्रान्सफॉर्मर मी पडद्यावर काढला, तर सॉफ्टवेअर अडून बसलं. दुसरी कॉईल बाकी कशालाच जोडलेली नव्हती, आणि या प्रोग्रामचा नियम असा की प्रत्येक बिंदूकडून जमिनीकडे जायला कुठून तरी वाट पाहिजे. भाऊंनी विचारलं, काय म्हणतंय? मी म्हणालो, याला जमीन नाही म्हणतंय. भाऊ गंभीरपणे म्हणाले, "म्हणजे तुमच्या कॉम्प्युटरलाबी सातबारा लागतो." मी एक भलामोठा रेझिस्टन्स लावून त्या कॉईलला नावापुरती जमीन दिली आणि काम चालू झालं. त्यानंतर भाऊ फोन करतात तेव्हा काम झालं का असं विचारत नाहीत, "उतारा निघाला का?" असं विचारतात.

दुसरे एक काका पिंपळनेरकडून आले, एसटीने, दोन गाड्या बदलून. आपल्याकडे खेड्यात ट्रान्सफॉर्मर हा शब्द कुणी वापरत नाही. रस्त्याकडेच्या खांबांवर बसवलेल्या त्या राखाडी पेटीला सगळे डीपी म्हणतात. काकांच्या शिवारातली डीपी जळाली होती आणि त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की जळगावात एक सर आहेत, ते घरबसल्या रोज चार-पाच डीप्या बनवतात. काकांनी माझी खोली पाहिली, पलंगाखाली वाकून पाहिलं. मी त्यांना पडद्यावरचा ट्रान्सफॉर्मर दाखवला. त्यांनी तो बराच वेळ, डोकं तिरपं करून पाहिला आणि याच्यावर पाच हॉर्सची मोटर चालेल का, असं विचारलं. मी म्हणालो, पडद्यावरची चालेल. ते चहा न घेता गेले.

आता वंदनाकडे येतो.

वंदना माझी विद्यार्थिनी, एरंडोलची. तिच्या घरात इंजिनिअरिंगकडे गेलेली पहिलीच. वडील शाळेत शिपाई होते आणि पोरीचा निकाल बघायला स्वतः पॉलिटेक्निकच्या फलकापुढे येऊन उभे राहायचे. पुढे तिने एका मोठ्या कंपनीत नोकरी केली आणि ती सोडून जळगावच्या एमआयडीसीत एका शेडमध्ये झटका मशीन बनवायला लागली. हे मशीन शेताच्या कुंपणाला लावतात. तारेत घरातली वीज सरळ सोडणं हा गुन्हा आहे आणि त्याने माणसं मरतात. झटका मशीन तसं करत नाही. ते सोलरच्या बॅटरीवर थोडी वीज कपॅसिटरमध्ये काही शे व्होल्टवर साठवतं आणि ठरावीक ठेक्यात, टक्... टक्... अशी ट्रान्सफॉर्मरमध्ये ओततं. ट्रान्सफॉर्मर तिचं व्होल्टेज हजारोंत नेतो, पण डोळ्याचं पातं लवायच्याही आत सगळं संपतं. रानडुक्कर दचकतं, किंचाळतं, उलटं पळतं. मरत नाही.

वंदना ट्रान्सफॉर्मर बाहेरून विकत आणायची. ते कधी चालायचे, कधी पावसाळ्यात माना टाकायचे, आणि शिव्या मशीनवरच्या नावाला, म्हणजे वंदनाला पडायच्या. शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याच्या खोऱ्यात एका गावात तिचं असंच एक मशीन बंद पडलं होतं. ज्यांच्या शेतात पडलं ते आबा तिच्यावर चिडायच्या ऐवजी तिचेच झाले. ही पोरगी स्वतः मोटरसायकलवर बसून मशीन परत न्यायला आली, याचंच त्यांना अप्रूप. त्यांनी गावाला सांगितलं, यंदा बाहेरचं मशीन कुणी घ्यायचं नाही, वंदना स्वतःचा ट्रान्सफॉर्मर करते आहे, तो आधी माझ्या मक्यात लागेल. दुसऱ्या कंपनीचा माणूस दारात आला तर त्याला पाणी पाजून परत पाठवला.

आणि तिला फोनवर म्हणाले, "मका गया ते गया. पन पोरी, मी बठ्ठा गावले थांबाडेल शे. आते तुनं नाव बी जाई."

आपण अख्खं गाव थांबवून धरलंय, हे आबांचं म्हणणं मला सांगताना वंदनाचा आवाज जरा खाली गेला होता. मक्याची कणसं दुधात आली की डुकरं डोंगरातून उतरतात. त्याच्या आत मशीन उभं राहायला हवं होतं. नाही राहिलं तर त्या खोऱ्यात तिला पुन्हा कुणी दारात उभं करणार नव्हतं, आणि शेड चालायची ती त्या खोऱ्यावरच. मी म्हणालो, काळजी करू नकोस, आपण आधी पडद्यावर करू. या 'आपण'मध्ये तिने फार विश्वास ठेवला.

मला व्होल्टेज नऊपट वाढवायचं होतं. मी दुसऱ्या कॉईलच्या रकान्यात पहिलीच्या नऊपट इंडक्टन्स टाकला. रन केलं. पडद्यावर व्होल्टेज वाढलं तिप्पट. नवाचं वर्गमूळ तीन, हे सातवीतल्या पोराला सुचेल. मला सुचलं असं की तोटा फार होतोय. मग आकडा वाढवत गेलो. एक्क्याऐंशीपट केला तेव्हा नऊपट उंचीची लाट उभी राहिली, अशी देखणी की मी बायकोला वर बोलावून दाखवली. ती म्हणाली, छान आहे, खाली दूध ठेवलंय. मी धुळ्याला नानांना फोन लावला आणि सांगितलं, फेरे एक्क्याऐंशीपट.

नाना म्हणजे धुळ्याचे मोटर वाइंडिंगवाले. त्यांच्या दुकानात जळक्या मोटरी अशा ओळीने पडलेल्या असतात की दवाखान्यात आल्यासारखं वाटतं. नानांनी आकडा पुन्हा विचारला. मग नाना म्हणाले, "सर, हे बॉबिन शे, रजई नही." बॉबिन म्हणजे तार गुंडाळायचं रीळ, पण मी उलट त्यांनाच सिम्युलेशन, म्हणजे हे पडद्यावर चालवून बघणं, समजावलं. तार बारीक घ्या म्हणालो. नानांनी केसासारखी तार घेतली, फेऱ्यांचा डोंगर रचला आणि ट्रान्सफॉर्मर खोक्यात भरून ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरकडे दिला.

जळगावात वंदनाच्या शेडमध्ये तो जोडला. पहिल्याच टक्ला ट्रान्सफॉर्मरमधून निळी जीभ बाहेर आली आणि तिने टेबलावरचा माझा जेवणाचा डबा चाटला. स्टीलचा डबा, आत मेथी. दुसऱ्या टक्ला वास सुटला. तिसरा टक् झालाच नाही, वंदनाने बॅटरीची तार उपटली होती. मी शांतपणे, अनुभवी माणसाच्या आवाजात निदान केलं की इन्सुलेशन कमी पडलं.

वंदना म्हणाली, सर, पडदा बघू. घरी येऊन तिने खुर्ची ओढली, दोन्ही कॉईलच्या रकान्यांवरून नजर फिरवली आणि बोट ठेवलं.

"सर, वर्ग?"

मी पाहिलं. एक्क्याऐंशी. नवाचा वर्ग. आकडा माझ्याकडे बघून हसत होता. म्हणजे इंडक्टन्स म्हणून तो बरोबर होता, आणि मी तोच फेऱ्यांना सांगून बसलो होतो.

"माझे किती गुण कापले होते याच्यासाठी?" तिने विचारलं.

"आठवत नाही."

"मला आठवतात."

ती हसली नाही, म्हणून मला जास्त लागलं. पण मजा बघा, चूक सापडल्याचा आनंद इतका होता की मी लगेच नानांना फोन केला. फेरे नऊपटच पाहिजेत, असं सांगितल्यावर नाना इतकंच म्हणाले की बरं झालं, तार वाचली. मात्र ती निळी जीभ माझ्या डोळ्यांपुढून जात नव्हती. जाता जाता मी सांगून टाकलं की दोन कॉईलच्या मध्ये कागद जाड घाला, चांगला जाड. नाना आधीच पोळलेले. त्यांनी मध्ये कागदाचे इतके थर घातले की दोन्ही कॉईल सवतीमत्सर असल्यासारख्या लांब बसल्या.

आता हे मी कॉम्प्युटरला सांगायला हवं होतं. कॉईल लांब गेल्या म्हणजे त्यांचं जमणं कमी झालं, म्हणजे 'के' उतरला. मी पडद्यावर 'के'ला एकच ठेवलं. सवयीने. परीक्षेत आम्ही नेहमी 'के एक धरा' असंच छापायचो, आणि इतकी वर्षं धरून धरून माझ्याकडून तो सुटत नव्हता. मला आज एका गोष्टीचं वाईट वाटतं. मी शेकडो पोरांना ट्रान्सफॉर्मर फळ्यावर शिकवला, पण एखाद्याच्या हातात दोन कॉईल देऊन, त्या जवळ आण, लांब ने आणि बघ काय होतं, असं कधी म्हटलं नाही. त्यांचं शिकणं राहिलं ते राहिलं, माझंही राहिलं.

शेडमध्ये नवा ट्रान्सफॉर्मर उत्तम चालला. मीटर हवा तेवढा चढला. आम्ही गाडी काढली. धुळ्याला शेवभाजी खाल्ली, शिरपूर ओलांडून वर गेलो. पाऊस नुकताच उघडला होता, मका डोक्याच्या वर गेला होता आणि कुंपणाच्या बुडाशी गवत असं माजलं होतं की खालची तार दिसत नव्हती. आबा म्हणजे उंच, काटकुळे, डोक्याला टॉवेल. डुकरांबद्दल त्यांचं ठाम मत असं की ती शेजारच्या गावची आहेत आणि मुद्दाम पाठवली जातात. आम्ही मशीन जोडलं. जवळच्या खांबावर मीटरने उडी मारली. आबांच्या सुनेने आम्हाला ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा वाढला. मी जेवता जेवता आबांना ट्रान्सफॉर्मरबद्दल पुष्कळ सांगितलं. लांबच्या टोकाला जाऊन मोजायचं राहूनच गेलं. जवळ आहे म्हणजे लांबही असणार, तार तीच तर आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांचा फोन वंदनाला आला आणि तिने तो स्पीकरवर टाकला. डुकरं आली होती. जवळच्या बाजूने नाही, अगदी लांबच्या कोपऱ्यातून. तारेला अंग घासून निवांत आत शिरली, कोपऱ्यातला मका आडवा केला आणि आली तशी गेली. मी घाईघाईने म्हणालो की आबा, असं होऊ शकत नाही, मी कॉम्प्युटरवर पूर्ण तपासलं आहे.

"सर," आबा म्हणाले, "तुमना कॉम्प्युटरमा डुकर टाकेल शे का?"

त्यांना काही सुचवायचं नव्हतं, ते फक्त वैतागले होते. मला मात्र लख्ख दिसलं. माझ्या कॉम्प्युटरमध्ये डुक्कर नव्हतं. गवतही नव्हतं. लांब तार नव्हती. पडद्यावर माझं मशीन एका रिकाम्या, कोरड्या, स्वच्छ जगात झटके मारत होतं आणि त्या जगात खाणारं कुणी नव्हतं. ओलं गवत तारेला लागलं की प्रत्येक पात्यातून थोडी वीज जमिनीत उतरते. ते ओझं ओढायचं बळ ट्रान्सफॉर्मरमध्ये पाहिजे.

वंदनाने फोन ठेवला. गावातली दोन माणसं सकाळीच त्या दुसऱ्या कंपनीच्या माणसाचा नंबर मागून गेली होती, एवढं त्यांनी शेवटी सांगितलं होतं. आबांनी दिला नव्हता. आणखी एकदा ते नाही म्हणतील, त्यापुढे नाही, हे आम्हा दोघांनाही कळलं.

मी पडद्यावर कुंपण काढलं. तारेचे तुकडे केले आणि प्रत्येक तुकड्याला गवत म्हणून एक रेझिस्टन्स जमिनीकडे लावला. टोकाला एक डुक्कर लावलं, तेही रेझिस्टन्सच, पण मी त्याला पडद्यावर 'डुक्कर' असंच नाव दिलं. रन केलं. आणि ट्रान्सफॉर्मर डुकरापर्यंत झटका व्यवस्थित पोचवत होता. शेतात पोचत नव्हता, पडद्यावर पोचत होता.

वंदना मागे उभी होती. म्हणाली, सर, के किती टाकलाय?

"एक."

"मोजला का?"

के मोजायची रीत सोपी आहे. एक कॉईल शॉर्ट करायची, म्हणजे तिची दोन टोकं जोडून टाकायची, आणि दुसरीचा इंडक्टन्स मोजायचा. दोघींचं पूर्ण जमत असेल तर मीटर जवळजवळ शून्य दाखवतो. जितका जास्त दाखवेल तितकं वाटेत सांडतंय. हे मला येतं. मी शिकवलेलं आहे. आम्ही तसाच दुसरा एक ट्रान्सफॉर्मर नानांकडून आणलेला होता, तो मीटरला लावला. वंदनाने आकडा वाचला, मी हिशेब केला. के आला नऊ दशांशाच्याही जरा खाली. जाड कागदातून इतकं सांडत होतं.

मी एक पुसून तो आकडा टाकला आणि रन दाबलं.

लाट आली. जवळच्या खांबावर उंच. दुसऱ्या तुकड्यावर खांदे पडलेले. शेवटी डुकरापाशी पोचली तेव्हा नुसती एक सुरकुती. शेतात जे झालं तेच, तसंच, त्याच टोकाला. मी खुर्चीवरून उठून टाळ्या वाजवायला लागलो. वंदनाही हसायला लागली, तिचे डोळे भरून आले होते. आयुष्यात इतक्या यशस्वी लाटा पाहिल्या, पण माझ्या मशीनला पडद्यावर सपशेल आडवं पडताना पाहून जो आनंद झाला तो कशानेच झाला नव्हता. खोटं जग पहिल्यांदा खऱ्यासारखं चुकलं होतं. आता ते दुरुस्त करता येणार होतं. बायको आवाज ऐकून वर आली आणि तिने पास झालात का, असं विचारलं. मी म्हणालो, नापास, अगदी स्पष्ट नापास. ती खाली दूध बघायला गेली.

मग दोन दिवस आम्ही के चढवला. नुसता पडद्यावर नाही, खराही. धुळ्याला जाऊन मी नानांच्या शेजारी स्टूल टाकून बसलो. जाड कागद काढून पातळ फिल्म घातली. दुसरी कॉईल एका ढिगात न गुंडाळता बॉबिनवर लहान लहान खणांत वाटून दिली, म्हणजे शेजारच्या फेऱ्यांमध्ये व्होल्टेज थोडंच राहतं, निळी जीभ निघत नाही आणि कागदाचं जाड अंथरूणही लागत नाही. वर राळ ओतली. नानांनी पहिल्यांदाच मला तार गुंडाळायच्या मशीनच्या हँडलला हात लावू दिला आणि पाचच फेऱ्यांनंतर काढून घेतला. मोजलेला के एकच्या अगदी जवळ आला. तोच पडद्यावर टाकला तर डुकरापाशी लाट कंबरेत वाकली, पण उभी होती.

वाचकांना टांगून ठेवणं मला जमत नाही, म्हणून आधीच सांगतो की आबांचा मका घरी आला. कोपऱ्यातला गेला तो सोडून सगळा. गावात आज तारेच्या बाजूने चाललं की टक्... टक्... असा वंदनाच्या मशीनांचा ठेका ऐकू येतो, आणि ती मशीनं आता खोरं ओलांडून पलीकडेही गेली आहेत. पण ज्या दुपारी हे ठरलं त्या दुपारी काय झालं ते सांगायलाच हवं, कारण वंदना ते सगळ्यांना सांगतेच आणि माझ्याकडून निदान शुद्ध भाषेत यावं.

आम्ही नवा ट्रान्सफॉर्मर घेऊन गेलो.  या वेळी भाकरीचं नावही निघालं नाही.  मशीन वंदनाने जोडलं, पण चालू केलं नाही. या वेळी लांबच्या टोकाला आधी जायचं, असं ठरलं. मी आणि आबा मीटर घेऊन त्या मोडलेल्या कोपऱ्यात जाणार आणि ती मशीनपाशी थांबणार. तिथे मोबाईलला रेंज नाही आणि मक्यात आवाज पोचत नाही. म्हणून खूण ठरली. आम्ही टोकाला पोचलो, मीटर लावला, सगळं तयार झालं की मी दोन्ही हात वर करायचे. हात वर दिसले की तिने चालू करायचं. एका टेकाडावर मशीन होतं, तिथून त्या मोडलेल्या कोपऱ्यातली आमची डोकी दिसणार होती.

कोपऱ्यात पोचलो. आबांनी आडव्या पडलेल्या मक्याकडे पाहिलं आणि मला विचारलं, या वेळी काय बदललं?

असा प्रश्न मला कुणी विचारू नये. मीटर मी खिशातच ठेवला. म्हणालो, आबा, नीट बघा. ही एक कॉईल. उजवा हात वर केला. ही दुसरी. डावा हात वर केला. आधी दोघी अशा लांब होत्या, म्हणून हिचं तिला पोचत नव्हतं, मध्येच सांडत होतं. आणि किती सांडत होतं ते दाखवायला मी दोन्ही हात चांगले ऐसपैस फैलावले.

टेकाडावर वंदनाला माझे दोन्ही हात वर दिसले होते.

कोपर तारेला लागलं. त्यानंतरचं मला तुटक आठवतं. एक ठोसा, आतून. मग आभाळ. मग मक्याची पानं, खालच्या बाजूने. मी ओल्या मातीत बसलेलो होतो, चष्मा एका कणसावर लटकत होता आणि दंडातून अजून मुंग्या धावत होत्या. आणि मला जे झालं ते कळलं तसा माझ्या अंगात असा आनंद उसळला की मी बसल्या जागीच हात हलवून ओरडायला लागलो, पोचला, वंदना, टोकापर्यंत पोचला. ती तिकडून पळत येत होती, मशीन बंद करून, तोंडावर हात ठेवून. मी मेलो असं वाटून आधी घाबरलेली, मग माझे शब्द ऐकून जागीच खाली बसलेली, ओंजळीत तोंड घेऊन. तिचे खांदे हलत होते. हसत होती की रडत होती, ते तिला आजही सांगता येत नाही.

आबा माझ्यापासून दोन पावलं लांब, टॉवेल सावरत उभे होते. त्यांनी मला हात दिला नाही. माझ्याकडे पाहिलं, तारेकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं. मग वंदनाला म्हणाले,

"चाल पोरी, एक ते आडकना. आते डुकरेस्नी वाट देखू."